बुधवार सभेची वही

नाशिक,
३ ऑगस्ट १९७७

श्री. खंडेराव निकम यांस,

सवयीने 'सप्रेम नमस्कार' लिहायला हात गेला होता, आवरला.

परवा मंगल कार्यालयात तुमचं भाषण ऐकलं. मी मागे दाराशी उभी होते, तुम्हाला दिसले नसेन. तुम्ही म्हणालात, "आमच्या बुधवार सभेवर आणीबाणीची कुऱ्हाड पडली. माझा जिवलग मित्र लियाकत अन्सारी तेरा महिने मिसाखाली आत होता. त्याचा गुन्हा काय? तो खरं बोलला!" टाळ्या कडकडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. तुम्ही शांतपणे पाणी प्यालात आणि लोकांचं रडून होईस्तोवर थांबलात. थांबायचं कुठं, हे तुम्हाला आधीपासूनच चांगलं कळतं.

लियाकत खरं बोलला नव्हता, खंडेराव. तो चिठ्ठीप्रमाणे बोलला होता. तुम्हाला हे माहीत आहे, पण तुमच्या श्रोत्यांना नाही. उद्या हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून सगळं लिहून ठेवते.

रविवार कारंज्याजवळ धोंडीराम टेलरांच्या दुकानावरच्या माळ्यावर आपण दर बुधवारी जमायचो. कारकून, शिक्षक, एक कंपाउंडर, असे पंधराएक जण. विषय ठरला की धोंडीरामकाका बटणांचा डबा रिकामा करून त्यात दोन चिठ्ठ्या टाकायचे, एक 'बाजूने', एक 'विरुद्ध'. दोन वक्ते चिठ्ठ्या उचलायचे आणि जी बाजू निघेल ती जीव तोडून मांडायची, स्वतःचं मत काही का असेना. मी कार्यवाह. मी भाषण वहीत उतरवायची, पुढच्या बुधवारी वाचून दाखवायची आणि वक्ता खाली सही करायचा. चिठ्ठीचा उल्लेख वहीत करायचा नाही, हा काकांचा नियम. "चिठ्ठी लिवली की मानूस हात झटकतो. तोंडातून गेलं ते त्याचं," असं ते म्हणायचे.

मागासवर्गीयांच्या सवलतींच्या विषयाला माझ्या वाट्याला 'विरुद्ध' आली होती, आठवतं? पगाऱ्यांची मुलगी, घरात पहिली शिकलेली, ती सवलती नकोत म्हणून अर्धा तास बोलली आणि खाली सही करून घरी गेली. वडिलांच्या कानावर गेलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पण मला त्या वहीचा अभिमान होता. आपल्याला सगळ्यांनाच होता. जे आपल्याला पटत नाही तेही आपण नीट मांडू शकतो, असा तोरा होता आपला.

मग २१ जानेवारी १९७६. बाहेर सभांना बंदी, म्हणून आपण माळ्याचं दार लावून घेतलं. विषय होता, 'शिस्तीसाठी स्वातंत्र्याला मुरड घालावी काय?' बाजूने तुम्ही, विरुद्ध लियाकत. जिना चढताना तो मला म्हणाला होता, "चांगुणाताई, आज बाजूने निघू दे. आमच्या पतसंस्थेत साहेब पहिल्यांदा साडेदहाला यायला लागलेत. मला तर आवडलंय हे." निघाली विरुद्ध. मग जे बोलला ते तुम्हीही ऐकलंत. तुमच्या भाषणाचा त्याने पार भुगा केला. मी एकही शब्द न गाळता उतरवून घेतलं. पुढच्या बुधवारी त्याने हसत हसत सही केली.

त्यानंतर वही तुम्ही नेलीत. 'टाचण काढायचंय' म्हणालात. पाचव्या दिवशी लियाकतला उचललं.

गेल्या महिन्यात कार्यवाह म्हणून मी पोलिसांकडे अर्ज केला आणि वही परत मिळवली. तिला एक कागद टाचलेला आहे. त्यावर लिहिलंय, 'सदर वही खंडेराव निकम यांनी स्वखुशीने हजर केली.' स्वखुशीने! आणि आता त्याच लियाकतच्या नावावर तुम्ही हार घालून घेता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात तेही थोडं लाजत असतील.

फौजदाराने मला एका शब्दाने विचारलं असतं तर मी चिठ्ठीचं सांगितलं असतं. पण मला कुणी विचारलंच नाही.

एक महिना देते. लियाकतकडे जा आणि स्वतःच्या तोंडाने सांगा.

चांगुणा पगारे


नाशिक,
१२ डिसेंबर १९७७

खंडेराव,

महिना मागितला नव्हतात, मी दिला होता. चार झाले. उत्तर म्हणून छापील निमंत्रण आलं, 'आणीबाणीतील लढवय्यांचा सत्कार', तुमच्या अध्यक्षतेखाली. सत्कारमूर्तींत तिसरं नाव लियाकतचं. कार्डावर तुमच्या अक्षरात 'अगत्य यावे'. किती साळसूद आहात हो तुम्ही!

काल रविवार होता, म्हणून मालेगावला जाऊन आले. पतसंस्थेने लियाकतला परत घेतलं नाही हे तुम्हाला माहीत असेलच. तो वडिलांच्या चार यंत्रमागांवर काम करतो. खटखटीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. मी ओरडून विचारलं, "सत्काराला येणार का?" त्याने मान हलवली. मी म्हटलं, "का नाही?" त्याने तुटलेला धागा जोडला आणि दुसऱ्या मागाकडे गेला.

बिलकिस मला आत घेऊन गेली. म्हणाली, "बाजी, ये अब किसी से बहस नहीं करते. भाजीवाल्याशी भावसुद्धा नाही करत. तो बोलेल तेवढे देऊन येतात. मोहल्ल्यातले लोक अजून ह्यांच्या शेजारी बसून बोलायला घाबरतात. म्हणतात, ये सरकार के खिलाफ बोलनेवाला आदमी है."

ज्या माणसाने तुम्हाला भर सभेत निरुत्तर केलं तो भाजीवाल्यापुढे गप्प बसतो, खंडेराव. मी एस.टी.त बसले. चांदवड येईपर्यंत मी तुम्हाला मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. शाळेत मुलांना शिकवते, तोंड स्वच्छ ठेवावं लागतं.

वहीला टाचलेली ती पोलिसांची पावती छापायला द्यावी असं फार वाटतं. पण तुम्ही म्हणाल खोटी आहे, पोलिसांनी दबावाने लिहून घेतली, आणि लोक तुमचंच ऐकतील. मला ते तुमच्या तोंडून हवं आहे. मी थांबेन. मला घाई नाही.

चांगुणा पगारे


नाशिक,
२ एप्रिल १९८०

श्री. खंडेराव निकम यांस,

हे निमंत्रण आहे. बुधवार सभेला दहा वर्षं पूर्ण होतात. धोंडीरामकाका थकलेत, पण माळा अजून त्यांचाच आहे. १६ तारखेला, बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, सभा पुन्हा भरवतो आहोत. तुम्ही प्रमुख वक्ते. दोन वर्तमानपत्रांचे बातमीदार येणार आहेत. विधानसभेच्या तिकिटासाठी तुमचं नाव वर गेलंय असं ऐकते, तेव्हा तुमच्या सोयीचंच आहे.

पद्धत जुनीच. विषय तिथंच जाहीर होईल, डब्यातून चिठ्ठी उचलायची, निघेल ती बाजू मांडायची. दुसरी वक्ता मी.

तुम्ही म्हणाल, हिचा राग गेला वाटतं. म्हणा.

चांगुणा पगारे
कार्यवाह, बुधवार सभा


नाशिक,
१७ एप्रिल १९८०

खंडेराव,

दोन्ही चिठ्ठ्यांवर 'बाजूने' लिहिलं होतं. मी लबाडी केली, लिहून देते. पहिली चिठ्ठी पाहुण्याने उचलायची, त्यामुळे दुसरी उघडायची वेळच येणार नव्हती. दहा वर्षांत त्या डब्याशी कुणी दगाफटका केला नव्हता. मी केला, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

काकांनी विषयाचा कागद उघडून वाचला, "सोताच्या बचावासाठी मित्राला पकडून द्यावं काय?" तेव्हा तुमचा चेहरा बघायला मी तीन वर्षं थांबले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग चिठ्ठीकडे. तुम्ही उठून जाल असं मला वाटलं. गेला असतात तर मी तिथंच पावती वाचणार होते. किंवा त-त-प-प कराल, पाणी मागाल. मी तांब्या मुद्दाम लांब ठेवला होता.

आणि तुम्ही बोललात. बावीस मिनिटं.

"समजा," म्हणालात, "एक माणूस आहे. घरी अंथरुणाला खिळलेली आई, पदरात दोन मुली. त्याला चौकीवर बोलावतात. फौजदार म्हणतो, तुमच्या सभेत काय चालतं ते दाखवा, नाहीतर तुम्हीच इथं राहा. त्याच्या घरात एक वही आहे. त्या वहीत तो स्वतः सरकारच्या बाजूने बोललाय. ती वही त्याची सुटका आहे. पण पलीकडच्या पानावर मित्र आहे. पान फाडता येत नाही. काय करावं त्याने?" मग आवाज खाली आणून म्हणालात, "तुरुंगातला मित्र परत येतो. औषधावाचून गेलेली आई परत येत नाही." तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरं होतं ते, मी जवळून पाहिलं.

माळा टाळ्यांनी हादरला. एक बातमीदार मला म्हणाला, "काय वक्ता आहे बाई! नको ती बाजू आली तरी सोनं केलं." तुम्ही सगळं कबूल केलंत आणि एकाही माणसाला ते खरं वाटलं नाही! का? तर चिठ्ठी. चिठ्ठीने आलेली बाजू माणसाची स्वतःची नसते, हे त्या पन्नास लोकांना बसल्या जागी कळलं. लियाकतच्या वेळी मात्र हे कुणालाच कळलं नव्हतं. मला तुमची क्षणभर कीव आली होती. टाळ्या ऐकल्या आणि ती तिथंच गिळली.

माझं भाषण पडलं. ठीक आहे. पण तुम्ही एक विसरलात. पुढच्या बुधवारी वही वाचली जाते आणि वक्ता सही करतो. काल रात्री मी तुमचं भाषण उतरवलं. एकही शब्द गाळला नाही, आणि नियमाप्रमाणे चिठ्ठीचा उल्लेख नाही. 'श्री. खंडेराव निकम म्हणाले की, स्वतःच्या बचावासाठी मित्राला पकडून देणे योग्य आहे.' तेवीसला दोन्ही बातमीदार पुन्हा येत आहेत. तुमच्या पक्षाच्या निवड समितीला नक्कल पाठवायची सोय मी केली आहे.

आता कळू दे तुम्हाला.

चांगुणा


नाशिक,
२४ एप्रिल १९८०

खंडेराव,

रात्रभर डोळा लागला नाही. काल घडलं ते तुमच्यासमोरच घडलं, पण मी ते लिहून ठेवते. लिहून ठेवणं हाच माझा धंदा.

मी वही वाचली. तुम्ही उभे राहिलात, कपाळावर घाम. "शेवटी 'चिठ्ठीप्रमाणे' एवढा एक शब्द घाला, मग सही करतो," म्हणालात. मी म्हटलं, "नियमात बसत नाही." काका म्हणाले, "खंडू, सही कर. आन् नसंल करायची तर तसं सांग, आमी लिवून ठिवतो."

तुमचा तोल गेला. "अहो, चिठ्ठीवर जे आलं ते बोललो मी! ते माझं मत कसं होईल? इथल्या प्रत्येकाला माहीत आहे हे!"

ह्याच वाक्यासाठी मी सगळा घाट घातला होता. मी विचारलं, "मग लियाकतचं?"

तुम्ही रुमालाने कपाळ पुसलंत.

"सांगा ना. लियाकत चिठ्ठीप्रमाणे बोलला होता की नाही?"

"बोलला होता," तुम्ही म्हणालात.

"मग वही हजर करताना फौजदाराला तेवढं का नाही सांगितलंत?" आणि मी पावती वर धरली. बातमीदारांच्या पेन्सिली थांबल्या. तुमच्या बरोबर आलेले दोघे खाली बघायला लागले. एवढं सुख मला कधी झालं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

तेव्हा तुम्ही वर पाहिलंत आणि अगदी हळू म्हणालात, "मी भ्यालो, म्हणून नाही सांगितलं. पण त्याला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तुम्हालाही बोलावलं होतं. तुम्ही तरी कुठं सांगितलंत, पगारेबाई?"

तुम्हाला माहीत होतं. एवढी वर्षं माहीत होतं आणि माझी पत्रं तुम्ही निमूटपणे वाचत होतात.

होय. मला विचारलं होतं. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. ३ फेब्रुवारी १९७६, शाळा सुटल्यावर. फौजदार काही वाईट बोलला नाही. खुर्ची दिली. वही पुढे करून विचारलं, "हे अन्सारीचंच मत आहे का?" मी तेव्हा तात्पुरती शिक्षिका होते. कायम करण्याचा कागद वर गेलेला होता. आमच्या घरात तोवर महिन्याचा पगार कुणी पाहिला नव्हता. मी म्हणाले, "वहीत लिहिलंय तेच." एवढंच. जूनमध्ये मला कायम केलं. पावती मी कधी छापली नाही, कारण त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात माझा जबाब आहे. काल तुमच्यापुढे धरला तेव्हा माझा अंगठा त्यावरच होता.

मी खाली बसले आणि लिहायला घेतलं. तुमचा प्रश्न लिहिला. माझं उत्तर लिहिलं. काकांनी वाचून दाखवायला सांगितलं, ते वाचलं. मग पहिल्यांदाच नियम मोडून 'लियाकत अन्सारी चिठ्ठीप्रमाणे बोलले होते' हे वाक्य लिहिलं. खाली तुम्ही सही केलीत. मग मी.

एक नक्कल बातमीदारांना दिली, एक तुमच्या निवड समितीला पाठवली. त्यात माझंही नाव आहे, पण म्हणून थांबले नाही. तुम्ही बुडत असाल तर मी पाण्यात उतरायला तयार होते, इतका माझा राग होता. आणि अजून आहे.

चांगुणा पगारे


मालेगाव, एस.टी. स्टँड,
९ मे १९८०

खंडेराव,

तिकीट दुसऱ्याला जाहीर झालं, परवाच्या पेपरात वाचलं. मला आनंद झाला. शाळेत माझ्याशी कुणी धड बोलत नाही, पण पेपर वाचून मला आनंद झाला, हे तुम्हाला कळावं.

आज वही घेऊन लियाकतकडे आले होते. शुक्रवार, त्यामुळे माग बंद, सगळ्या गल्लीत चिडीचूप. वाटेत मनात जुळवत होते काय बोलायचं ते. आता मोहल्ल्याला दाखवता येईल, पतसंस्थेला दाखवता येईल, तू चिठ्ठीप्रमाणे बोलला होतास हे आता दोन सह्यांनिशी लेखी आहे. मला वाटत होतं तो वाचेल आणि पुन्हा बोलायला लागेल. एवढंच हवं होतं मला, विश्वास ठेवा अगर ठेवू नका. तुमचा सूड त्यापुढे काहीच नव्हता. किंवा होता, पण त्याच्या नंतर.

तो ओट्यावर बसून वाचू लागला. सावकाश, बोट फिरवत. तुमच्या पानावर थांबला नाही. तुमचं त्याला कधीच कळलेलं होतं, खंडेराव. बिलकिस म्हणाली, वही तुमच्याकडे होती हे तो आत जाण्याआधीच जाणून होता. माझ्या जबाबावर मात्र थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

"तीन फेब्रुवारी," तो म्हणाला. "दोन तारखेला मला नेलं. फौजदाराला मी सांगितलं होतं, बाईंना विचारा, बाई सांगतील."

त्याचं बोट माझ्या जबाबावरच होतं.

"तेरा महिने मी समजत होतो की त्यांनी तुम्हाला विचारलंच नाही," तो म्हणाला. "सुटल्यावरही तेच समजत होतो." आवाज चढला नाही. भाजीवाल्याशी बोलावं तसा बोलला.

वही मिटून त्याने माझ्या हातात दिली. आत बिलकिसने स्टोव्ह पेटवला होता, कप मांडल्याचा आवाज आला. लियाकतने आत हाक मारली, "बाईंना साडेपाचची गाडी आहे, रहने दो." मग दार लावून घेतलं.

साडेपाचला गाडी नाही, साडेसहाला आहे. त्यालाही हे माहीत आहे. म्हणून इथं बाकावर बसून लिहिते आहे. त्याने मला जे सांगितलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला ह्या बाकावरून उठता येणार नाही. वडील आता नाहीत, काकांना कळलं तर ते बसतील कपाळाला हात लावून. शाळेतल्यांना सांगायची सोय नाही. फिरून फिरून तुमचंच नाव पत्त्यावर लिहावं लागलं, आणि ह्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो आहे.

उत्तर पाठवा.

चांगुणा